लढाई संपल्यावरची जादू

लोखंडी पत्र्याचं पूर्ण चिलखत, डोक्यापासून पायापर्यंतचं, एकट्या लोहाराने घडवायचं म्हटलं तर ३०० दिवस लागतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ सालच्या नियमपुस्तकातून हा हिशोब सरळ निघतो. कारागिराच्या हातून दिवसाला पाच मोहरांचं काम उठतं आणि चिलखताची किंमत १५०० मोहरा आहे. त्याच पुस्तकात पुढे फॅब्रिकेट नावाचा मंत्र येतो. कच्चं लोखंड समोर ठेवायचं, दहा मिनिटं मंत्र म्हणायचा, की चिलखत तयार. अट एवढीच, की जादूगाराला लोहारकाम येत असलं पाहिजे. ऐरणीपाशी उभं राहून जो हातोडा चालवायला शिकला, त्यालाच ही सवलत.

हा लोहार आणि हा जादूगार एकाच गावात राहत असतील तर पुढे काय होईल, याबद्दल पुस्तक काही सांगत नाही. ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. हा खेळ मी बरीच वर्षं जवळून पाहतो आहे, आणि त्यातल्या राक्षसांपेक्षा मला जास्त गुंतवतात ते हे मधले दिवस. एक मोहीम संपली आहे, दुसरी अजून ठरलेली नाही, आणि जगावेगळी विद्या हाताशी असलेला एक माणूस शहरात राहतो आहे. तो त्या विद्येचं काय करतो?

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी मुलं आठवतील. तोच हा खेळ. चार-पाच जण जमतात. एक जण डंजन मास्टर होतो, त्याला सगळे डीएम म्हणतात. तो जग उभं करतो, त्यातल्या माणसांना बोलतं करतो, संकटं आणतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी देवाची उपासना करणारा क्लेरिक, कोणी झाडापेडांशी नातं सांगणारा ड्रुइड, कोणी पोथ्यांतून मंत्र शिकलेला जादूगार. आपण काय करतो ते बोलून सांगायचं. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. मोहिमांच्या मधल्या रिकाम्या काळाला खेळणारे 'डाउनटाइम' म्हणतात. योद्ध्याचा डाउनटाइम सोपा असतो. जखमा भरून येऊ द्यायच्या, तलवारीला धार लावून घ्यायची, खानावळीत बसायचं. जादूगाराचं तसं नाही. त्याच्या दाराशी गरजू माणसं उभी राहू शकतात.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा हे गाव, एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, पहिल्या छपाईच्या १००० प्रती. त्या पुस्तिकांत खेळाडूंची संख्या दिली आहे चार ते पन्नास. आज हे वाचून आश्चर्य वाटतं, पण वेळेचं सगळं गणित या आकड्यात आहे. एकाच डीएमच्या जगात वेगवेगळ्या संध्याकाळी वेगवेगळी माणसं येऊन खेळत. मग कोण कुठे आहे, कोणाला यायला किती दिवस लागतील, याचा हिशोब ठेवावाच लागे. म्हणून नियम केला की खऱ्या जगातला एक आठवडा म्हणजे खेळातलाही एक आठवडा. जादूगार घरी बसून मंत्राची गुंडाळी लिहीत असेल तर त्या आठवड्याच्या मोहिमेला तो मुकला. मंत्रांना ताकदीप्रमाणे पातळ्या असतात; लिहायला मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे एक आठवडा आणि १०० मोहरा लागत. पाचव्या पातळीचा मंत्र म्हणजे पाच आठवडे आणि ५०० मोहरा. स्वतःचा नवा मंत्र शोधायचा तर खर्च २००० मोहरांपासून सुरू होऊन पातळीगणिक दुप्पट होत सहाव्या पातळीला ६४,००० वर जाई, आणि एवढं ओतूनही यश येईलच याची खात्री नसे.

या खेळातल्या जादूची कल्पना जॅक व्हान्स या लेखकाकडून आली. त्याच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातले जादूगार मंत्र डोक्यात साठवतात, आणि एकदा उच्चारला की तो मनातून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडायची. गायगॅक्सने १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये याचं वेळापत्रकच दिलं. नवव्या पातळीचा एकच मंत्र परत डोक्यात भरायला आधी १२ तासांची विश्रांती आणि वर सव्वादोन तासांचं पाठांतर. मोठ्या जादूगाराचा सगळा साठा रिकामा झाला, तर तो पुन्हा भरेपर्यंत काही दिवस जात. लढाईत सहा सेकंद चमकणाऱ्या माणसाचं बाकीचं आयुष्य पोथीसमोर जातं, हे त्या जुन्या नियमांनी ओळखलं होतं. ते मला मनापासून पटतं. अशी वर्षं ज्याने घातली नाहीत त्याची विद्या खोटी वाटते.

पण त्या विद्येचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय उपयोग, याचा विचार सुरुवातीला फारसा झाला नव्हता. तो झाला १९८२ साली. गायगॅक्सने 'ड्रॅगन' मासिकात कँट्रिप या अगदी चिमुकल्या मंत्रांची यादी दिली, पुढे १९८५च्या 'अनअर्थ्ड आर्केना' या पुस्तकात ती आली. शिकाऊ जादूगाराने उमेदवारीत शिकायचे हे मंत्र. धूळ झटकणं. कपडा स्वच्छ करणं. ओलं सुकवणं. गोडी आणणं, मीठ घालणं, मसाल्याची चव देणं. भांडी घासून चकचकीत करणं. टाका घालणं, गाठ मारणं, गार झालेलं कोमट करणं. सगळा खेळ तळघरातल्या लढायांवर उभा, आणि त्याच्या कर्त्याने बसून घरकामाची यादी लिहिली! ती वाचताना गुरूच्या घरी राबणारं एक दहा-बारा वर्षांचं पोर उभं राहतं. विद्या मिळण्याआधी त्याला केर काढावा लागतो, आणि विद्येचा पहिला घास मिळतो तो केर काढण्यासाठीच. त्या खेळाच्या शेकडो पानांत मला इतकं खरं पान दुसरं सापडलेलं नाही.

आज त्यातले बरेचसे मंत्र 'प्रेस्टिडिजिटेशन' या एकाच कँट्रिपमध्ये सामावले आहेत, आणि २०१४च्या नियमांनुसार कँट्रिप कितीही वेळा वापरता येतात. त्यांच्या बरोबरीने मेंडिंग आहे, मोडलेलं सांधणारा. १९७८ साली मेंडिंग पहिल्या पातळीचा पूर्ण मंत्र होता, तो वापरला की लढाईचा एक मंत्र कमी होई. आता तो फुकट आहे. एक मिनिट लागतं आणि फूटभरापर्यंतची भेग, चीर, तुटलेली कडी पूर्ववत होते. म्हणजे कालपरवा शिकून बाहेर पडलेला जादूगार चौकात बसला तर तासाला साठ वस्तू सांधू शकतो.

पुण्यातल्या एका टेबलावर मी हे प्रत्यक्ष पाहिलं. पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, एका नदीकाठच्या गावात थांबली होती आणि जादूगार खेळणाऱ्या मुलाने सांगितलं, "मी चावडीसमोर बसतो. ज्याचं जे फुटलंय ते घेऊन या." डीएमने मग एकामागून एक माणसं आणली: तडा गेलेला रांजण घेऊन एक बाई, चाकाची आरी निखळलेला गाडीवान, लाकडी घोड्याचा पाय तुटला म्हणून रडणारी पोर. पाऊण तास फासा कोणी उचलला नाही. मग डीएमने कुंभाराला आणलं. तो भांडला नाही. बाजूला उभं राहून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही किती दिवस आहात?" जादूगार खेळणारा मुलगा गप्प झाला. त्याने दुसऱ्या दिवशी काय करावं यावर टेबलावर जो वाद झाला, तो त्या महिन्यातल्या कुठल्याही लढाईपेक्षा जास्त रंगला.

वाद पैशाचाही असतो, आणि तो २०१४च्या पुस्तकातल्या आकड्यांतूनच निघतो. अंगमेहनतीच्या मजुराला दिवसाला चांदीची दोन नाणी मिळतात. दहा चांदीची नाणी म्हणजे एक मोहोर. शहरात एखाद्या जादूगाराकडून किंवा क्लेरिककडून पहिल्या-दुसऱ्या पातळीचा साधा मंत्र करून घ्यायचा तर दहा ते पन्नास मोहरा पडतात. म्हणजे कमीत कमी दरानेही मजुराची पन्नास दिवसांची कमाई. जखम भरून काढणारी विद्या गावात आहे, रोज सकाळी ती ताजी होते, आणि मजुराला ती परवडत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम मांडलं असेल असं मला वाटत नाही. ते साहसी वीरांच्या खिशाचा विचार करत होते. पण टेबलावरचा क्लेरिक जरा जरी जागा असेल तर हा आकडा त्याला टोचतो.

त्याच क्लेरिकच्या हातातली दुसरी एक निवड मला फार महत्त्वाची वाटते. गावात साथ आली आहे. २०१४च्या नियमांत लेसर रेस्टोरेशन हा मंत्र एका माणसाचा आजार पूर्ण बरा करतो. मंत्रांसारख्या पात्रांनाही पातळ्या असतात, आणि तिसऱ्या पातळीच्या क्लेरिकला दिवसाला असे दोनच मंत्र करता येतात. दोन माणसं वाचतील, विसाव्या माणसाचं काय? पण त्याच क्लेरिकपाशी प्युरिफाय फूड अँड ड्रिंक नावाचा पहिल्याच पातळीचा मंत्र आहे. दहा फूट व्यासाच्या गोलातलं अन्नपाणी त्याने विषमुक्त आणि रोगमुक्त होतं. दहा मिनिटं जास्त घेऊन विधीसारखा केला तर शक्ती अजिबात खर्च होत नाही, दिवसभर करत राहता येतो. बहुतेक खेळाडू या मंत्राकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण लढाईत त्याचा उपयोग नाही. गावाला मात्र आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या महात्म्यापेक्षा विहिरीच्या काठावर रोज येणारा कंटाळवाणा पुजारी जास्त वाचवतो. ज्या डीएमने हे ओळखून साथीचं कथानक लिहिलं, त्याच्या टेबलावर बसायला मिळणं हे भाग्य आहे.

दिव्याचा हिशोबही मी एकदा मांडून पाहिला. कंटिन्युअल फ्लेम हा मंत्र कधीही न विझणारी ज्योत पेटवतो, त्याला ५० मोहरांची माणकाची पूड लागते. महाग वाटतं. पण कंदिलाच्या तेलाची कुपी चांदीच्या एका नाण्याला मिळते आणि सहा तास जळते. पन्नास मोहरांत अशा ५०० कुप्या येतात, म्हणजे ३००० तासांचा उजेड. रात्री दहा तास दिवा जळतो असं धरलं तर ३०० रात्रींत जादूचा दिवा आपली किंमत वसूल करतो आणि पुढे कायमचा फुकट. मग प्रत्येक शहराच्या रस्त्यावर असे दिवे का नाहीत? हा प्रश्न गंभीरपणे घेतला कीथ बेकर याने. हा खेळ छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००२ साली नव्या कल्पित जगासाठी स्पर्धा ठेवली होती, सुमारे ११,००० प्रवेशिका आल्या, त्यातून त्याचं 'एबेरॉन' निवडलं गेलं आणि २००४ साली पुस्तक आलं. एबेरॉनमध्ये रस्त्यांवर जादूचे दिवे आहेत, विजेच्या जोरावर धावणारी गाडी आहे, दूरच्या गावी निरोप पोहोचवणारी केंद्रं आहेत. रोजची बरीचशी जादू चालवतात मेजराइट, म्हणजे दोन-तीन कामापुरते मंत्र शिकून त्यावर पोट भरणारे साधे कारागीर. महान जादूगार तिथे विरळाच. पण तिथेही निरोप, औषधोपचार, वाहतूक हे धंदे मोजक्या घराण्यांच्या मुठीत आहेत, आणि बेकरच्या जगातली निम्मी भांडणं त्या मक्तेदारीतून उठतात. त्याने जादू स्वस्त केली, पण त्यामुळे ती सगळ्यांची होते असं भाबडं चित्र रंगवलं नाही.

वेळ कसा खर्चावा याचा सर्वांत मोठा कस लावतो तो टेलिपोर्टेशन सर्कल. नवव्या पातळीला पोहोचलेला जादूगार जमिनीवर वर्तुळ रेखून दूरच्या शहरातल्या कायम वर्तुळाशी क्षणभराची वाट जोडू शकतो. पण ते कायमचं वर्तुळ मुळात तयार कसं होतं? एकाच जागी, रोज, वर्षभर तोच मंत्र म्हणून. दर वेळी ५० मोहरांचे रत्नमिश्रित खडू आणि शाई लागते, ती संपून जाते. वर्षाचे झाले १८,२५० मोहरा. पैसा मिळेलही. खरी अडचण अशी की नवव्या पातळीच्या जादूगाराला पाचव्या पातळीचा मंत्र दिवसातून एकदा, फार तर दोनदाच म्हणता येतो. आपली सर्वांत मोठी शक्ती तो वर्षभर रोज त्या एकाच दगडी फरशीवर ओतणार. एक दिवस चुकला की व्रत मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. मोहीम नाही, दूरचा प्रवास नाही, ताप आला तरी उठायचं. आणि वर्षाअखेर जे वर्तुळ तयार होतं त्याने त्याला स्वतःला फारसं काही मिळत नाही, कारण ते येण्याचं ठिकाण असतं. तिथून निघायचं तर पुन्हा मंत्र लागतोच. दूरदेशीचा कोणी जादूगार त्या वर्तुळाची खूण जाणत असेल तर तो इथे येऊन पोहोचेल. औषध घेऊन येईल, बातमी घेऊन येईल. पुस्तक म्हणतं की मोठ्या देवळांत, कारागिरांच्या संघांत अशी वर्तुळं असतात. त्या एका ओळीमागे कोणाची तरी अख्खी वर्षं उभी आहेत, आणि त्यांची नावं कोणी लिहून ठेवलेली नाहीत. एखाद्या खेळाडूने असं वर्ष काढायचं ठरवलं तर डीएमने ते दोन वाक्यांत गुंडाळू नये, असं मला कळकळीने वाटतं.

वर्षं काढण्याची ही कला ज्या खेळाला सगळ्यात चांगली जमली तो वेगळाच आहे. 'आर्स मॅजिका', १९८७, जॉनथन ट्वीट आणि मार्क राइन-हागेन. हाच ट्वीट पुढे २००० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीचा प्रमुख रचनाकार झाला. 'आर्स मॅजिका' घडतो तेराव्या शतकातल्या, १२२०च्या सुमाराच्या युरोपात, फक्त तिथल्या लोककथा खऱ्या आहेत. जादूगार गढीसारख्या वस्तीत एकत्र राहतात आणि खेळाचा हिशोब ऋतूंत चालतो. वर्षाचे चार ऋतू, एका ऋतूत एकच मोठं काम. वाचन करा, प्रयोगशाळेत वस्तू घडवा, पुस्तक लिहा, किंवा शिष्याला शिकवा. शिष्याची उमेदवारी १५ वर्षांची आणि गुरूने दरवर्षी निदान एक ऋतू त्याला द्यायलाच हवा. तो ऋतू स्वतःच्या संशोधनातून वजा होतो. पस्तिशी उलटली की म्हातारपणाचे फासे टाकावे लागतात, मग आयुष्य लांबवणाऱ्या विधीसाठी आणखी एक ऋतू जातो.

या खेळात मोहिमेची हाक आली की जादूगार त्रासतो. हातातला ऋतू बुडणार म्हणून! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये शहर म्हणजे दोन लढायांमधली पोकळी असते. इथे लढाई ही आयुष्यातला व्यत्यय असते. गावकऱ्यांशी नातं मात्र इथे अवघड. जादूचा अंश अंगात असलेल्या माणसाजवळ साध्या माणसांना अस्वस्थ वाटतं, आणि जादूगारांच्या संघाचे नियम सामान्यांच्या व्यवहारात ढवळाढवळ करू देत नाहीत. त्यामुळे बाजारहाट, निरोप, शेजार हे सगळं बिनजादूच्या सोबत्यांवर येऊन पडतं. गंमत अशी की एकेक खेळाडू जादूगाराबरोबर अशी साधी पात्रंही खेळतो. आज गुरू, उद्या त्याच्या दाराचा पहारेकरी.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नेही हळूहळू या काळाला जागा दिली. २०१७च्या 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग'मध्ये डाउनटाइमची कामं सविस्तर आली, त्यांबरोबर येणारी लचांडंही. पहिल्या पातळीची गुंडाळी एका दिवसात आणि २५ मोहरांत होते. नवव्या पातळीच्या गुंडाळीला ४८ आठवडे आणि २,५०,००० मोहरा. २०२४च्या नव्या 'डंजन मास्टर्स गाइड'ने आणखी पुढे जाऊन वीरांना स्वतःचं ठाणं दिलं. त्यात प्रयोगशाळा, ग्रंथालय, लेखनशाळा बांधता येतात, आणि वीर मोहिमेवर असताना पगारी माणसं गुंडाळ्या लिहून ठेवतात. सोय झाली हे खरं. पण पोथीसमोर बसण्याचा भाग नोकराकडे गेला की जादूगाराकडे फक्त आगीचे गोळे उरतात, आणि मला ते नुकसान वाटतं.

पुण्याच्या त्या टेबलावर ड्रुइड खेळते ती मुलगी शेतकऱ्याघरची. पाचव्या पातळीला तिला प्लांट ग्रोथ मिळाला. लढाईत शत्रूच्या वाटेत झाडंझुडपं माजवणारा हा मंत्र. पण तोच आठ तास घेऊन केला तर अर्ध्या मैल त्रिज्येतली जमीन वर्षभर दुप्पट पीक देते. वर्तुळ मोजलं तर सुमारे ५०० एकर. महिनाभर रोज केला तर १५,००० एकर. दुष्काळातून नुकत्याच सावरलेल्या खोऱ्यात पार्टी महिनाभर थांबणार होती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की प्रश्न मिटला. डीएमने विचारलं, "कुठल्या गावापासून सुरू करतेस?"

ती बराच वेळ नकाशा बघत बसली. मग म्हणाली, "अरे, सगळ्यांचं एकदम दुप्पट पिकलं तर भाव पडेल ना! विकत कोण घेणार? आणि साठवायचं कुठे?"

जादूगार म्हणाला, "कोठारं मी बांधतो. फॅब्रिकेट आहे की."

"लाकूड कुठून आणशील? आणि इथल्या सुतारांना विचारलंस का?"

त्या संध्याकाळी त्यांनी कुठलीच मोहीम घेतली नाही. खालच्या अंगाची, सर्वांत जास्त उपाशी राहिलेली चार गावं आधी घ्यायची, बाकीच्यांना पुढच्या वर्षी, आणि कोठारांचं काम सुतारांना मजुरी देऊन करून घ्यायचं, जादूगाराने फक्त दगडी पाया घालून द्यायचा, एवढं ठरायला साडेतीन तास गेले. पाचव्या गावाचा पाटील रागावला आहे. तो धान्याच्या व्यापाऱ्यांना घेऊन पुढच्या सेशनला येणार आहे, असं डीएमने सांगून ठेवलं आहे.